प्रवाळाच्या आतला कायदा

९ जानेवारी, बुधवार

मी शिकवते ती शाळा अजून सुरू व्हायची आहे, त्यामुळे दिवसभर घरी बसून गावाच्या गप्पा ऐकणं हेच माझं काम. आणि गावाला सध्या एकच विषय पुरतोय: कासव.

आठवड्यापूर्वी परत गेलेल्या बोटीवरच्या स्वयंपाक्याने तिकडे सामोआत, अपिया शहरात बढाई मारली म्हणे, की आमच्या बेटावरून त्याला एक आख्खं कासव मिळालं, बिअरच्या खोक्यांच्या बदल्यात. अपियाच्या प्रत्येक गल्लीत आमचं कुणी ना कुणी बसलेलं आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं. लगेच इथे फोन आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत गावातल्या तान्ह्या पोरांनाही बातमी कळली होती.

सहा वर्षांपूर्वी इओसेफा सामोआहून जनरेटर दुरुस्त करायला आला आणि माझ्या घरातच राहिला, तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट हीच शिकवली होती. साधा मासा पकडलास तर तुझा. कासव मात्र गावाचं. ते किनाऱ्यावर आणायचं, इनातीत, म्हणजे गावच्या वाटणीत मांडायचं, घराघराचं नाव पुकारून वाटे घालायचे. लपवून खाणाऱ्याशी शेजारी बोलणं टाकतात. कासव विकलेलं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं.

वाईट एवढंच, की स्वयंपाक्याने होडीची खूण सांगितली आहे. पत्र्याची, कडेला निळा पट्टा. तशी होडी बेटावर एकच आहे आणि ती आमची आहे. पण ती किनाऱ्यावर उघडी पडलेली असते, ज्याला हवी तो नेतो. दादाचा मुलगा तिओनी तर रोज नेतो. आणि त्या संध्याकाळी इओसेफा जनरेटरच्या खोलीत होता, माझ्या दादाबरोबर पत्ते खेळत. दादा हरून फणफणत बाहेर पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला. म्हणजे काळजीचं कारण नाही.

११ जानेवारी, शुक्रवार

सकाळीच दादा आला. आमच्यात भाऊ लग्न करून बायकोच्या घरी जातो आणि आईचं घर मोठ्या मुलीकडे येतं, म्हणून हे घर माझं. पण जमीन दादा बघतो आणि ज्येष्ठांच्या सभेत आमच्या घराण्याच्या जागी दादा बसतो. घरात बहिणीचा शब्द, बाहेर भावाचा. भावाला बहिणीने उलटून प्रश्न विचारायचा नाही आणि भावाने बहिणीला कधी अंतर द्यायचं नाही. लुहिआनोदादाने आजवर दिलंही नाही. नवरा म्हणून सामोआचा माणूस घरात घेतला तेव्हा सगळं गाव तोंडं वाकडी करत होतं. सभेतून इओसेफाला राहायची परवानगी मिळवून आणली ती दादाने. ती परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि दरवर्षी तोच घेऊन येतो.

नीरफणस भाजला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. इओसेफाला म्हणाला, "उद्या तुला सभेत बोलावतील. तू काही बोलू नकोस. मान खाली घालून बस."

"का? मी काही केलेलं नाही."

"म्हणूनच. परका माणूस उत्तरं द्यायला लागला की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मग खरंही खोटं वाटायला लागतं. मी आहे ना. तू त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसला होतास, हे मीच सांगेन."

"तीन डाव हरलात, तेही सांगा," इओसेफा म्हणाला.

"ते सांगितलं तर मलाच बेटावरून हाकलतील."

आम्ही तिघेही हसलो. तिओनी उंबऱ्यावर बसला होता, तो चहा तसाच ठेवून उठून गेला. हल्ली त्याचं खाण्यावरून लक्ष उडालंय. याच महिन्यातल्या चोवीसच्या बोटीने तो वेलिंग्टनला शिकायला निघालाय. सभेने या वर्षी बेटावरून एकालाच पाठवायचं ठरवलं आणि त्याची निवड केली. घर सोडायच्या नुसत्या कल्पनेनेच पोराची भूक मेलेली दिसते. चोवीस तारखेपर्यंत काहीतरी पोटात घालायला हवं त्याच्या.

१२ जानेवारी, शनिवार

पुढच्या बोटीने इओसेफाने बेट सोडायचं. परवानगी रद्द.

निरोप्या दारात उभा राहून एवढं बोलला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. माझ्याच शाळेत सहा वर्षं मागच्या बाकावर बसलेला मुलगा.

इओसेफा सभाघरातून आला तो सरळ मागच्या दारी जाऊन बसला. मी खोदून खोदून विचारलं. म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं, होडी तुझी का? तो गप्प. कासव तू दिलंस का? तो गप्प. दादाने सांगितलं होतं तसाच मान खाली घालून बसला. मग त्याला बाहेर पाठवलं आणि पुढचं त्याच्या पाठीमागे ठरलं.

"दादा काय बोलला?"

"मी बाहेर होतो, लेपेका. मला काय ठाऊक."

दादा दिवेलागणीला आला. डोळे लाल. खाली बसलासुद्धा नाही. "मी घसा फोडून सांगितलं. कुणी ऐकेना. शेवटी रागाने उठून आलो. माझ्यामागे ठरवलं त्यांनी."

आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. बसलेल्या सगळ्यांच्या माना हलल्या की ठरलं. एक जरी मान अडली तर पुन्हा पहिल्यापासून बोलणं. दादा बसून राहिला असता तर हे ठरलंच नसतं. रागाच्या भरात उठून आला, इथेच घात झाला. पण माझ्यासाठीच चिडला होता, त्याला मी काय म्हणणार.

मला रडू फुटलं. तेव्हा तोच म्हणाला, "रडतेस काय? तू न्यूझीलंडची नागरिक आहेस. वेलिंग्टनला लिही. तिथे कायदा आहे. बायकोपासून नवऱ्याला असं कुणी तोडू शकत नाही."

हे मला सुचायला हवं होतं. शाळेत मुलांना नकाशा दाखवून शिकवते मीच, की आपण कुठल्या देशाचे.

१३ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर फक्त मी, इओसेफा आणि दादाची बायको मालियावहिनी. वहिनीने सगळ्यांसमोर माझा हात धरून ठेवला. तिचा तळवा घामेजला होता. घरी निघताना म्हणाली, "तू तिओनीवर रागावू नकोस हं." मी म्हटलं, त्याच्यावर कशाला रागावू? ती गोंधळली. म्हणाली, "नाही, तो तुमच्याकडे येत नाही ना हल्ली, म्हणून."

काल मासेमारीचा मोठा दिवस होता, आज इनाती मांडली. आमच्या घराचं नाव पुकारलं, पण वाटा एकाच माणसाचा. तो घेऊन घरी आले आणि त्यातले दोन वाटे केले.

१५ जानेवारी, मंगळवार

पत्र लिहून झालं. इंग्रजीत, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. इओसेफा कुठे होता, कुणाबरोबर होता, त्याला बोलू कसं दिलं नाही, सगळं मांडलं. शेवटी लिहिलं की आम्ही तुमच्याच झेंड्याखाली राहतो आणि तुमच्या कायद्यावर माझा भरवसा आहे.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवते. गेल्या ऑक्टोबरात मतदान झालं, आपला कारभार आपणच पूर्णपणे करायचा का म्हणून. दादा घरोघर फिरून 'हो' म्हणायला सांगत होता. मी 'नाही' वर खूण केली. इओसेफालाही सांगितलं नाही. का, तर आपल्याच माणसांनी कधी अन्याय केला तर वर कुणीतरी विचारणारं असावं. थोडक्या मतांनी 'हो' हरलं, तेव्हा दादा दोन दिवस जेवला नव्हता, आणि मी त्याच्यासाठी खास ताडीची खीर करून नेली होती.

आता त्याच वेलिंग्टनच्या छपराखाली जाऊन उभी राहते आहे. ईमेल पाठवायचं यंत्र सभेच्या कचेरीत आहे आणि किल्ली दादाकडे. पत्र त्याच्या हातात दिलं. "मी स्वतः टाइप करून पाठवतो," म्हणाला. "तू कचेरीत दिसलीस तर उगाच बोभाटा."

१८ जानेवारी, शुक्रवार

आज विचारलं, उत्तर आलं का? दादा म्हणाला, आत्ताच पाठवलं. आधी यंत्र बिघडलं होतं.

मी डोक्याला हात लावला. आपला शुक्रवार तिथे शनिवार असतो. वेलिंग्टन आपल्यापुढे एक दिवस धावतं, हे दादाला ठाऊक नाही थोडंच, तिन्ही बेटांच्या मोठ्या सभेच्या निमित्ताने किती वेळा जाऊन आलाय. म्हणजे आता त्यांचा सोमवार उजाडेपर्यंत कुणी बघणार नाही. "डोक्यात सतराशे साठ गोष्टी आहेत गं," तो म्हणाला. "तिओनीची तयारी, सभेची कामं. राहून गेलं." तो इतका दमलेला दिसत होता की मीच ओशाळले.

तिओनीच्या पेटीचं कुलूप मोडलं होतं, ते इओसेफाने दुरुस्त करून दिलं. स्वतःची पेटी त्याने अजून उघडलेली नाही. तिओनी पेटी न्यायला आला तर दारातून आत येईना. मी ओरडले, "ये की, वाघ बसलाय का आत?" इओसेफाने पेटी बाहेर नेऊन दिली. मग इओसेफा त्याच्या खांद्यावर थाप मारून परत आला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. जा, नीट शीक म्हटलं."

२२ जानेवारी, मंगळवार

उत्तर आलं. कचेरीतल्या हेलेनाने छापून आणून दिलं.

फार सभ्य भाषा आहे. पत्राबद्दल आभार. आपली अडचण समजते. न्यूझीलंडच्या संसदेने केलेला कायदा त्या बेटांना लागू आहे असं त्या कायद्यात स्पष्ट म्हटलेलं असेल, तरच तो तिथे लागू होतो. बाहेरच्या माणसांच्या राहण्याविषयीचा कायदा आणि त्यातला अपिलाचा हक्क तसा लागू केलेला नाही. बेटावर कुणी राहावं हे तुमच्या तिन्ही बेटांच्या मोठ्या सभेने केलेल्या नियमाप्रमाणे गावचे ज्येष्ठ ठरवतात, आणि आम्ही त्यांच्या अधिकाराचा आदर करतो. आपल्याला वकील करून इथल्या कोर्टात दाद मागता येईल, मात्र त्याला काही महिने लागू शकतात.

बोट परवा आहे.

सगळ्यात खाली त्या बाईने, बहुतेक चांगल्या मनानेच, लिहिलं आहे: आपण नागरिक असल्याने केव्हाही न्यूझीलंडला येऊ शकता. आपल्या पतीस मात्र व्हिसाची आवश्यकता असेल.

म्हणजे इथे त्यांचा कायदा माझ्या नवऱ्याला वाचवायला येत नाही, आणि तिथे त्यांचा कायदा माझ्या नवऱ्याला अडवायला दारात उभा. मी नागरिक कशाची आहे ते आता कुणीतरी मला सांगावं. ऑक्टोबरातली ती खूण आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला.

दादाला वाचून दाखवलं. त्याने खाली बघत ऐकलं. "असं असेल वाटलं नव्हतं," म्हणाला. मग लगेच, "तू त्याच्याबरोबर जा. अपियात त्याची माणसं आहेत. वर्षभराने मी पुन्हा सभेत विषय काढतो."

"आणि घर?"

"माझी मोठी मुलगी बघेल तोवर."

त्याने हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. किती विचार करतो माझा.

२३ जानेवारी, बुधवार

सकाळी पेलेनीआजोबांकडे गेले. सभेतले सगळ्यात म्हातारे ते, आईचे चुलते. बेट सोडताना थोरांची माफी मागून निघायचं असतं. आम्ही काही केलं नसलं तरी रीत मोडू नये म्हणून चटई घेऊन गेले आणि त्यांच्यापुढे मान वाकवली.

म्हातारा विरघळला. "तुझ्यावर राग नाही गं पोरी. आणि तुझ्या भावाचं तर मला कौतुक वाटलं."

"उठून गेला म्हणून?"

"कोण उठून गेला?"

"दादा. त्या दिवशी सभेतून."

"लुहिआनो? तो तर शेवटपर्यंत होता. शेवटी आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो. घर तुमचं, होडी तुमची. त्याने नुसती मान अडवली असती तर आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. कुणाला हौस होती? पण तो म्हणाला, कायदा सगळ्यांना सारखा, माझ्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा. आणि त्यानेच पहिली मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ."

मी विचारलं, त्या संध्याकाळी इओसेफा कुठे होता याबद्दल दादा काही बोलला का?

"नाही. का? तुला काही ठाऊक आहे?"

मी सांगणार होते. तेवढ्यात ते आपल्याच नादात म्हणाले, "आणि वेलिंग्टनला लिहिलंस ना? त्याचाही उपयोग नव्हता. कुणाला बेटावर ठेवायचं यात वेलिंग्टनने नाक खुपसू नये, हा नियम मोठ्या सभेत तुझ्या भावानेच भांडून करून घेतला. तुला बोलला नाही?"

तिथून उठले कशी, आठवत नाही. वाटेत एकेक जागेवर बसत गेलं. मान खाली घाल. बोलू नकोस. वेलिंग्टनला लिही. यंत्र बिघडलं होतं. वहिनीचा घामेजलेला हात. तिओनीचा अर्धा राहिलेला चहा. मुलांना वाचायला शिकवणारी बाई मी, आणि माझ्याच घरात पंधरा दिवस चाललेलं मला वाचता आलं नाही.

दादा किनाऱ्यावर तिओनीची पेटी मेणकापडात बांधत होता. पोरगा कुठे दिसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दादासमोर बसले नाही, उभी राहिले.

"कासव तिओनीने विकलं ना?"

तो दोरीला गाठ मारत राहिला.

"दादा, मी विचारतेय."

"मित्रांना जाताना बिअर पाजायची होती. मूर्खपणा. उघड झालं असतं तर सभेने दुसऱ्याला पाठवलं असतं. आयुष्याचं मातेरं झालं असतं त्याच्या."

"आणि माझ्या?"

"इओसेफाला अपियात काम मिळेल. चांगला मेकॅनिक आहे. तिओनीला इथे काय आहे?"

"तू त्याच्याबरोबर पत्ते खेळत होतास. त्याला म्हणालास, मी सांगेन."

"होय."

"तो तुझ्या शब्दावर गप्प बसला."

"होय, लेपेका. मला काय वाटत नसेल?"

मला त्याच्या वाटण्याशी काही घेणं नव्हतं. म्हटलं, "मी आत्ता सभाघरात जाते. पेलेनीआजोबांना सांगते."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मला लागलं की बघायचा तसं. "तू नाही सांगणार."

"कशावरून?"

"तू त्याची आत्या आहेस."

मी गेले. खरंच गेले, सभाघराच्या पायरीपर्यंत. आत चार म्हातारे चटयांवर पडले होते. एक शब्द बोलले असते तर नवरा राहिला असता. पण आत्या ही आमच्याकडे आईपेक्षाही वरची. भाच्याला आत्या आशीर्वाद देते, आत्या त्याला बुडवत नाही. तिओनीचे पहिले दात मी पाहिले, त्याला पहिलं अक्षर मी काढायला शिकवलं. पायरीवरून परत फिरले. दादाला हे सगळं ठाऊक होतं, आणि या माहितीवरच त्याने सगळं उभं केलं. माझ्या रागाची त्याला भीती नव्हती, कारण माझ्या मायेची त्याला खात्री होती. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण हे मी कधी विसरणार नाही.

इओसेफाला सांगितलं. तो म्हणाला, "होडीला पेट्रोल मीच दिलं होतं त्याला. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"दादा बोलणार होते ना."

२४ जानेवारी, गुरुवार

चढलो. दोघेही. प्रवाळापलीकडे बोट उभी होती, होडीतून तिथवर न्यायला दादा आला. मी दुसऱ्या होडीत बसले. सगळा गाव बघत होता. बघू दे.

तिओनीही याच बोटीवर आहे, पुढच्या टोकाला. मी मागच्या.

२७ जानेवारी, रविवार, अपिया

इओसेफाच्या बहिणीच्या घरी एक खोली मिळाली. खिडकीतून रस्ता दिसतो, दिवसभर गाड्यांचा गोंगाट. समुद्र ऐकू येत नाही.

तिओनीचं विमान उद्याचं. चर्चनंतर तो आला. दारातच गुडघ्यावर बसला आणि चटई डोक्यावर ओढून घेतली, माफी मागायची असली की बसतात तसा. मी आत होते. इओसेफाने ती चटई उचलली. तो म्हणाला, "ऊठ रे, शेजारी बघतायत."

पोरगा हुंदके देत होता. बोटीवर त्याच्या पोटात पाण्याचा थेंब ठरला नाही. "बाबा म्हणाले, आत्याला आधीच सांगून ठेवलंय, तिची हरकत नाही. मला वाटलं तू माझ्यासाठी कबूल झालीस. इओसेफामामांनी मला बोटीवर सांगितलं की तुला काही ठाऊकच नव्हतं."

म्हणजे दादाने आपल्या पोरालाही फसवलं. आम्हा सगळ्यांना त्याने एकमेकांच्या नावावर गप्प बसवलं होतं.

मी त्याला काहीही सांगितलं नाही. कर म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही. तो स्वतः उठला, कोपऱ्यावरच्या दुकानातून बेटावर फोन लावला आणि पेलेनीआजोबांना सगळं सांगून आला. कासव, बिअर, होडी, वडील, पत्ते. "सभा ठरवेल तेव्हाच विमानात बसेन," म्हणाला. मग त्याने भात खाल्ला. चार वेळा वाढून घेतला. मी वाढत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

३० जानेवारी, बुधवार

सभा उद्या बसणार असा निरोप आला. विमान गेलं. तिओनी इओसेफाबरोबर एका गॅरेजमध्ये जातो आणि हात काळे करून येतो.

मी मनातल्या मनात घर झाडायला घेतलंय. पाण्याच्या टाकीचं झाकण, मागच्या दाराची कडी. पुढची बोट आठ दिवसांनी आहे. दादाशी बोलणार नाही, पण घरात जाईन. घर माझं आहे.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

पेलेनीआजोबांचा फोन आला. दुकानदाराने पोराला पाठवून मला बोलावून घेतलं. तिओनी माझ्याबरोबर आला आणि दाराशी उभा राहिला.

आजोबांचा आवाज अगदी खोल गेला होता. "दिवसभर बसलो पोरी. पोराचं शिक्षण आम्ही काढून घेत नाही, तो खरं बोलला. पुढच्या विमानाने जाऊ दे. तुझ्या नवऱ्याचंही चुकलं नाही, हे सगळ्यांना पटलं."

"मग आम्ही येऊ?"

"ठरलेलं मोडायचं तर पुन्हा सगळ्यांच्या माना हलाव्या लागतात. तुला ठाऊक आहे. आमच्या सगळ्यांच्या हलल्या. एक हलली नाही."

मी कुणाची ते विचारलं नाही.

"आम्ही खूप समजावलं," म्हातारा म्हणाला. "तो म्हणतो, एकदा दिलेला निकाल फिरवला तर सभेची किंमत राहत नाही. वेलिंग्टनवाले हसतील. तो खाली बघून बसून राहिला. शेवटी चर्चची घंटा झाली आणि सभा उठली. आता वर्षभर हा विषय निघायचा नाही."

फोन ठेवला. वेलिंग्टनच्या त्या बाईला लिहावं असं क्षणभर वाटलं, की बघा, आता सगळ्यांनी मान्य केलंय, एक सोडून. तिचं उत्तर मला पाठ आहे. आम्ही त्यांच्या अधिकाराचा आदर करतो.

तिओनीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "माझं काय म्हणाले?"

"तू जायचंस. पुढच्या विमानाने."

"आणि मामा?"

"नाही."

"पण मी तर सगळं सांगितलं. कोण नाही म्हणालं, आत्या?"

तो समोर उभा होता, नखांत गॅरेजचं तेल, दादाचंच नाक, दादाचेच कान. महिनाभरात त्या पोराने त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट केली होती, आणि आज रात्री तो बापाला फोन करून आपलं जाणं ठरलं म्हणून सांगणार होता.

"म्हातारे आहेत," मी म्हटलं. "कुणीतरी असेल."

नाव मी सांगितलं नाही. मी सांगणार नाही, हेही दादाला ठाऊक असणार.